अदलाबदल

चांदिवलीच्या त्या इमारतीला पाटी नाही.
वॉचमनला विचारलं तरी म्हणतो, "कंपनी आहे."
चौथ्या मजल्यावर, रात्री अकरा ते सात,
मी थंडी सांभाळते.
बावीस अंश. इकडेतिकडे अर्धा.
लॉकरमध्ये बारा महिने स्वेटर;
मुंबईत एरवी स्वेटरला कोण विचारतं.

तीन ते चार सहसा काही बिघडत नाही.
तेव्हा मी अर्ज पाठवते.
ओहायो, ओरेगॉन, व्हर्जिनियातलं कुठलंसं गाव
ज्याचा उच्चार मी फोनवर चुकवला
आणि पलीकडची बाई दोन सेकंद गप्प राहिली.
एकसष्ट पाठवले. उत्तरं नऊ.
सात एकाच साच्यातली,
त्यातल्या एकात "प्रिय हर्शल सर".
(हर्षला वैती, भांडुप गाव, बी.ई. मेकॅनिकल. असो.)

मग कळलं, इंटर्नशिप देणारा वेगळा,
व्हिसाच्या कागदाला जामीन राहणारा वेगळा,
आणि पगाराचं विचारलं
की दोघेही तिसऱ्याकडे बोट दाखवतात.
आत्या म्हणाली, स्थळासारखंच आहे गं तुझं,
मुलगा पसंत, मध्यस्थ गायब.

बाबांना समजावलं,
"एक्स्चेंज व्हिजिटर म्हणतात. बारा महिने. मग परत."
बाबांनी ससून डॉकजवळच्या बर्फाच्या कारखान्यात
तेहतीस वर्षं काढली, अमोनियाच्या वासात.
कॉम्प्रेसर नुसता ऐकून सांगायचे
कुठला व्हॉल्व्ह रुसलाय.
बशीत चहा ओतत म्हणाले,
"एक्स्चेंज म्हणजे अदलाबदल ना?
मग तुझ्या बदल्यात तिकडून कोण येणार?"
मला हसू आलं.
मग नाही आलं.

शेवटी कोलंबसजवळच्या एकाने फॉर्म धाडला.
पान तिसरं, रकाना चौथा:
हे प्रशिक्षण तुम्हाला स्वदेशात का मिळू शकत नाही?
शब्दमर्यादा दीडशे.

लिहिलं, "आमच्याकडे अद्ययावत सुविधांचा अभाव…"
खोडलं.
मागे चिलर घुमत होता, ऐकत असल्यासारखा.

खाडीवरचा खारा वारा कंडेन्सरची पाती
चार वर्षांत चाळणी करून ठेवतो,
हे कुठल्या रकान्यात?
गेल्या मे महिन्यात गच्चीवर एकेचाळीस अंश,
टँकर जोगेश्वरीला अडकलेला,
टॉवरचं पाणी बोटबोट खाली जाणारं,
आणि शिर्केकाका आणि मी
जुन्या टाकीचा व्हॉल्व्ह फडक्यात धरून फिरवत होतो.
खालच्या मजल्यांवर
कुणाची पासबुकातली शिल्लक, कुणाच्या फुफ्फुसाचा एक्स-रे,
कुणाचं रात्री दोनचं "पोचलो".
काहीच थांबलं नाही.
कुणाला कळलंही नाही.
चांगलं काम झालं की असंच होतं, कळत नाही.

पण खोटं कशाला बोलू.
तेलात बुडवून चालवतात ते सर्व्हर
मी फक्त फोटोत पाहिलेत.
पंखा नाही, वारा नाही, आवाज नाही,
नुसतं स्वच्छ तेल आणि आत दिवे.
मला त्यात हात घालायचाय, कोपरापर्यंत.
मला बघायचंय, आवाजच नसला
तर बिघाड ओळखायचा कसा.

हेच लिहिलं. एकशे बारा शब्द झाले.
उरलेले अडतीस सोडून दिले.

पुढे वांद्र्याची ती मुलाखत असेल,
काचेपलीकडचा माणूस विचारेल, परत येणार ना?
आणि "हो" किती वेळात म्हणायचं
याचाही क्लास लावतात म्हणे लोक, ठाण्यात, चार हजार रुपये.
मी अजून ठरवलेलं नाही.
म्हणजे क्लासचं.

तीन बावन्नला फॉर्म पाठवला.
तो निघाला कुठून, कुणास ठाऊक,
कदाचित खालच्याच रांगेतून.
उभी राहिले आणि सात नंबरच्या पंख्यात
बारीक कुरकुर, उडदात वाळूचा खडा लागावा तशी.
पॅनेलवर सगळं हिरवं.
मी टूलबॉक्स उचलला.
चाळीस सेकंदांनी अलार्म वाजला.