लाल तार, निळी तार

मंगळवार, गुरुवार, शनिवार
परळला ट्रस्टच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
डावा हात यंत्राला
आणि उजव्या हातात मेजर दुर्जय.

पुस्तक भोईवाड्यातल्या वाचनालयाचं.
महिना साठ रुपये, एका वेळी दोन.
रेक्झिनची बांधणी, उसाच्या रसाचा डाग,
मुखपृष्ठावर पॅराशूट, स्फोट, आणि
गोष्टीत कुठेच न येणारी एक बाई.
शेवडेबाई तारखेचा शिक्का मारताना म्हणतात,
"हिंदळेकर, जरा गंभीर वाचा की काहीतरी."
गंभीर माझं आठवड्यातून तीनदा होतं, बाई.

मेजर दुर्जय मला पाठ आहे.
पान सातला तो निवृत्त, कोकणात कलमांना पाणी घालतोय.
पान नऊला धुरळा उडवत जीप येते.
देशाला तुझी गरज आहे.
तो नाही म्हणतो. पान अकराला हो म्हणतो.
मग सहा जणांची तुकडी; त्यात एक फितूर,
ज्याचे डोळे लेखकाने आधीच घारे करून ठेवलेत.
शत्रूच्या शंभर बंदुकांचा नेम चुकतो,
लागलीच गोळी तर खांद्याला चाटून.
त्या खांद्याला बिचाऱ्याला किती कामं.

एक नियम मात्र कधीच मोडत नाही.
रात्री शेकोटीपाशी ज्याने खिशातून फोटो काढला,
"ही माझी सुलभा, परत गेलो की लग्न" म्हणाला,
तो पुढचं प्रकरण बघत नाही.
माझ्याआधी कोणीतरी अशा जागी, समासात,
पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलंय: गेला.
प्रत्येक पुस्तकात. तेच अक्षर. गेला.
कोण वाचक ते शेवडेबाईंना विचारलं नाही.
असू दे सोबतीला.

शेवटी बॉम्ब. लाल तार की निळी तार.
घड्याळात सात सेकंद.
माझ्या दंडापासून एक लाल नळी जाते, एक निळी येते,
आणि यंत्रावर आकडे उलटे: तीन तास बावन्न मिनिटं.
तन्वीर, वय चोवीस, चिमटे लावताना
बहिणीच्या स्कूटरच्या हप्त्यांबद्दल बोलतो.
कपाळावर घामाचा टिपूस नाही.
शून्य झालं की यंत्र टीं टीं करतं,
तो डबा खाता खाता उठून बंद करतो.
सलाम वगैरे कोणी ठोकत नाही.

शेजारच्या खाटेवर तांडेल, वरळी कोळीवाड्याचे.
जन्म पाण्यावर गेला,
आता दिवसाला तीन पेले, मोजून.
गेल्या शनिवारी, मी पान एकशे चाळीसवर,
त्यांनी उशीखालून मोबाइल काढला.
"ही बघा नात. मे महिन्यात हळद हाय. नाचायचंय मला."
मी म्हणालो, ठेवा तो आत.
चुकून मोठ्याने म्हणालो.
ते बघत राहिले.
मग मी चष्मा पुसला, म्हटलं, छान आहे, नाक तुमचंच.

मंगळवारी खाट रिकामी.
सव्वासात. साडेसात.
तन्वीर तिथली चादर बदलत होता.
त्याला विचारायला जे लागतं
ते मेजरच्या अख्ख्या तुकडीत नाही.
तेच पान तीनदा वाचलं.
समासात पाहिलं. कोरा.

पावणेआठला तांडेल आले, शिव्या देत.
प्रभादेवीला रस्ता खणलाय,
टॅक्सीवाला कुठून कुठून फिरवून आणतो,
वर वीस रुपये जास्त मागतो.
माझ्यासाठी पिशवीत सुकी करंदी,
जी मलाही वर्ज्य आणि त्यांनाही.
पुस्तकात असं नसतं.
पुस्तकात माणूस मरतो, त्याला उशीर होत नाही.

"काय वाचताव?" त्यांनी विचारलं.
काही नाही, म्हटलं, टाइमपास.
तो फोटो दाखवा बरं परत, नीट पाहिला नव्हता.

मग मेजरने निळी तार कापली.
निळीच असते नेहमी.
दोन पानं उरली होती, मला झोप लागली.