बर्फाची जाडी

रोज सकाळी मी गोठलेल्या समुद्राला भोक पाडते.
हाइलुओतो बेटाकडे जाणारा हिवाळी रस्ता
आज किती भार घेईल, ते फळीवर लिहिते.
वरून बघून सांगता येत नाही,
हे मीच नव्या पोरांना बावीस वर्षं बजावत आले.

सोमवारी ओउलूच्या इस्पितळात
पडद्यावर माझीच छाती, करडी, धुकं साचल्यासारखी,
आणि डावीकडे सातूच्या दाण्याएवढं काहीतरी.
डॉक्टरीण म्हणाली, असेल. नसेलही.
सुई गुरुवारी.

रेइयोला अजून सांगितलं नाही.
तो जेवताना फाटक्या जाळ्यांबद्दल बोलतो,
मी मीठ पुढे करते, त्यानं मागितलेलं नसतं.
रात्री बोटं आपली आपण तिथे जातात.
मी त्यांना उशीखाली दाबून ठेवते,
खोड्याळ पोरांना वर्गात बसवावं तशी.

आज पहाटे लांबवर बर्फ कण्हला.
नवखे दचकतात. मला ठाऊक आहे,
बर्फ जाड होतानाही असाच आवाज करतो,
आणि फुटतानाही.

गिरमिट फिरवलं. पांढरा भुगा, मग काळं पाणी.
एकेचाळीस सेंटिमीटर. लिहिलं, तीन टन.
एरवी लगेच पुढच्या खुणेकडे निघते,
आज गुडघे टेकून बसले भोकाशी.
इतक्या वर्षांत याला एकदाही विचारलं नाही,
दुखतं का.

मागे पेंट्टीची गाडी येऊन थांबली.
काच खाली करून म्हणाला, धरेल ना, सिर्पा?
आजचा दिवस धरेल, म्हटलं. गुरुवारचं माहीत नाही.
त्यानं आभाळाकडे बघितलं
आणि समजल्यासारखी मान हलवली.