अनियोजित बंद

पहिल्या तिमाहीचा अहवाल मी लिहिते,
कॅल्गरीत, एकोणिसाव्या मजल्यावर.
तेलवाळू जवळून पाहिली ती एकदाच,
स्वागतकक्षातल्या काचेच्या बरणीत.
झाकण उघडलं तर नव्या रस्त्याचा वास.

उत्पादन: दिवसाला एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार बॅरल.
खर्च: बॅरलमागे एकतीस डॉलर चाळीस सेंट,
गेल्या वर्षी याच वेळी सव्वीस ऐंशी.
कारण विचारणार. विचारतातच.
मी लिहिलं: अनियोजित बंद, अकरा दिवस.

आकडा पडताळायला उत्तरेला फोन लावला.
ड्वेन पार्डी, पट्ट्यावरचा फोरमन,
न्यूफाउंडलंडचा, शब्दांची टोकं गिळत बोलणारा.
गिअरबॉक्स, म्हणाला. जानेवारी. उणे त्रेचाळीस.
बेअरिंग गेलं, जेवणाच्या टेबलाएवढं,
दुसरं जर्मनीहून निघालं तर तिकडे बंदरात संप.
पट्ट्यावरची वाळू तासाभरात दगड झाली.
ती फोडली पहारींनी, पाळीपाळीने,
वीस मिनिटं बाहेर, चाळीस आत.
रोवेनानं कॅन्टीन रात्रभर उघडं ठेवलं.
आलं घातलेली भाताची पेज,
जन्मात न चाखलेलेही
वाडगं दोन्ही हातांत धरून उभे.
कोडी मर्क्रेडीच्या नाकाचा शेंडा काळा पडला.
त्यावर तोच विनोद करतो.

किती बॅरल गेले, मी विचारलं.
त्यानं सांगितलं. मी लिहून घेतलं.
पण गडी फोन ठेवेना.

"चौथ्या रात्री ट्रकही थांबवले.
हिवाळा, म्हणजे तळ्यावर बदकं हाकलायच्या तोफाही गप्प.
चौदा वर्षं मी इथं आहे.
नदी पहिल्यांदा ऐकली.
बर्फाखाली अथाबास्का कण्हते, बाई,
म्हातारं माणूस कूस बदलताना कण्हतं तशी.
कोडी म्हणाला, त्याच्या आजीला हा आवाज कळायचा,
जाळं कुठे सोडायचं ते ती त्यावरून ठरवायची.
आम्ही पहारी टेकून उभे राहिलो.
किती वेळ, माहीत नाही.
वीस मिनिटांच्या पुढे गेलं, एवढं नक्की.
हे तुमच्या कुठल्या रकान्यात जातं?"

कुठल्याच नाही, म्हणायला हवं होतं.
बघते, म्हटलं.

फेब्रुवारीत भाव चढला.
दूर कुठल्याशा सामुद्रधुनीत काहीतरी अडलं,
आमच्या जड तेलाला द्यावी लागणारी सूटही घटली.
निव्वळ नफा: तीन वर्षांतला सर्वांत मोठा.
लाभांश चार सेंटांनी वर.
अकरा दिवस त्यात विरघळून गेले,
नळातून वाहावं म्हणून डांबरात पातळ द्रव ओततात,
तसं काहीसं.

शेवटच्या मसुद्यात मी एवढंच केलं:
'अनियोजित' आणि 'बंद' यांच्या मध्ये
एक जागा जास्त सोडली.
विधी विभागाच्या हालवर्सनबाई फार बारकाईने वाचतात.
सकाळी कागद परत आला,
त्या जागेवर लाल शाईची छोटी कमान:
शब्द जवळ घ्या.