दुसरा स्पर्श

एका बाजूला तीन स्पर्श मिळतात.
पहिला वाचवतो, तिसरा ठोकतो.
मधला माझा.
पेपरात फोटो तिसऱ्याचा येतो.

अशोक चौकाच्या मागं, मागांच्या खडखडाटात
येमुल सरांनी शाळेच्या भिंतीवर
नीळ कालवून एक रेघ ओढली होती,
दोन मीटर चोवीस सेंटीमीटरवर.
"जाळं नाही आपल्याकडं," म्हणाले, "उंची तर आहे."
जाळं पुढल्या वर्षी आलं,
चादरीच्या कारखान्यात उरलेल्या सुताचं,
मधूनच एक लाल धागा गेलेलं.
बॉल आपटला की त्याचा रंग सुटायचा.

घरी आई विड्या वळायची.
मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा,
आणि बोटं. बोटांकडं ती बघायचीच नाही.
बघायची दाराबाहेर, टीव्हीकडं, माझ्या वहीकडं.
बोटं आपली आपण वळत, दुमडत, दोरा गुंडाळत.
सरांनी एकदा विचारलं,
"न बघता पास देतेस, कुठं शिकलीस?"
म्हटलं, कुठंच नाही.

कारखान्यात चेकर एकेक कट्टा हातात घेऊन
सैल विडी बाजूला टाकतो. तिला छाट म्हणतात.
पुण्यात निवड चाचणीला
वही घेतलेला माणूस रांगेपुढून चालत आला
तेव्हा मला तोच आठवला.
दोन वर्षं मी छाट.
तिसऱ्या वर्षी नाव पुकारलं, तेही चुकीचं.
श्यामला गाजरे.
गाजुल, मी म्हटलं. तो पुढं गेला होता.

मग रेल्वे. क्रीडा कोटा, पार्सल ऑफिस,
सकाळी वजनकाटा, संध्याकाळी सराव.
मग दोन हंगाम कोचीच्या एका क्लबकडून.
करारावर सही करताना एसीत हात गार पडलेले,
सही दुसऱ्याच कुणाची वाटावी अशी आली.
पहिल्या हंगामाच्या पैशात घराला स्लॅब पडला.
दुसऱ्याच्या पैशात गुडघा दुरुस्त केला.

आईनं मला खेळताना एकदाच पाहिलं.
पार्क मैदान, मार्चचं ऊन, विभागाची फायनल.
त्या दिवशीची मजुरी तिनं सोडली.
पाच सेट चालली मॅच. जिंकलो.
रिक्षात ती बराच वेळ गप्प होती.
मग तेलुगूत म्हणाली,
"सगळे बॉल तर तुझ्याकडंच येत होते.
दर वेळी दुसरीला का दिलास?"
मी समजावलं. हातवारे केले.
रिक्षावालाही आरशातून ऐकत होता.
"हां," ती म्हणाली,
"म्हणजे वळायची आपण, ओढायची दुसऱ्यानं."
आणि हसली,
इतकी की पदर तोंडात धरावा लागला.

एकतिसाव्या वर्षी पाटी वर झाली,
तिच्यावर माझा सात.
रेषेबाहेर एकोणीस वर्षांची पोर हात पुढं करून उभी.
तिचा तळवा ओला होता.
काहीतरी मोठं बोलावं असं वाटलं होतं.
"चार नंबरवाली उंच मागते," एवढंच निघालं.

परवा रेशनच्या दुकानात
आईचा अंगठा मशीननं घेतला नाही.
चाळीस वर्षांत पानांनी रेघा पुसून काढलेल्या.
"दुसरं बोट लावा," दुकानदार म्हणाला.
दहाही झाली.
कार्डावर माझंही नाव आहे, म्हणून मी पुढं झाले,
टेप लावून लावून सोललेलं बोट काचेवर ठेवलं.
पुन्हा प्रयत्न करा.
मागं रांग. ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं.
आई माझ्या बोटाकडं बघत होती,
नीट, वाकून, चष्मा वर सारून.
"दाबू नको," म्हणाली.
"हलकं धर."