बावन, चोपन, पंचावन

अमळनेरला, आयटीआयच्या मागच्या आवारात,
दोन चाकांवर आणि तिसऱ्याऐवजी विटांच्या थप्पीवर
एक व्हॅम्पायर उभं होतं.
दुहेरी शेपटीत कावळ्याचं घरटं.
फिटर ट्रेडची पोरं त्याला गलोल म्हणायची.

उखर्डू मिस्तरी, निवृत्त कॉर्पोरल, एअरफ्रेम फिटर,
आमच्या तासाला येऊन एकच धडा द्यायचे:
बोटाचं पेर वाकवून नाकावर दोनदा ठोकायचं.
ठक ठक.
"आयकं का? हाई लाकूड शे."

खरंच लाकूड होतं.
प्लायच्या दोन पातळ कातड्या, मधे बाल्सा,
कापसाच्या पेळूसारखा.
पंख तेवढे धातूचे.
आमच्याकडे गोठ्याचं दारसुद्धा सागाचं,
आणि हे म्हणे तासाला आठशे किलोमीटर.

मग ते भावंडांची ओळख करून देत.
सगळ्यात आधीची विलायतेहून आली, त्यांची नावं ते घेत नसत;
आपण बंगळूरला बनवली ती बावन.
बावन एकटा. पंखाखाली रॉकेटं.
चोपन रात्रीचा, नाक लांब, नाकात रडार,
आणि आत दोघं खांद्याला खांदा लावून,
एरंडोलच्या एसटीत दोनाच्या बाकावर बसावं तसे.
पंचावन शिकवणारा:
चूक एकाची, घाम दुसऱ्याचा.
एवढं सांगून ते तंबाखू मळायला घेत.

पासष्ट एकदाच बोलले,
पत्र्याला हात लागला तर फोड येईल अशा दुपारी.
"छांब. पहिली सप्टेंबर. संध्याकाळी
चार आली नाहीत.
त्यातल्या एकाची काच मीच बंद केली होती.
घट्ट बसली का विचारलं,
तर साहेबानं आतून अंगठा दाखवला."
आम्ही हसलो. आमच्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे
वेगळंच असतं.
मिस्तरी हसले नाहीत,
मग आमच्याही लक्षात आलं.
"दुसऱ्या दिवसापासून आघाडीवर बावन नाही.
लाकडाचं लढणं संपलं," म्हणाले,
आणि हजेरीपट मागितला.

भुसावळचा भंगारवाला आला तेव्हा
पंख किलोवर गेले, इंजिन आधीच नव्हतं,
नाक उपटलं तर आत वाळवीची माती.
मिस्तरींनी त्यातला वीतभर चांगला तुकडा शोधला,
फुंकला,
आणि उगाच त्याच्या काट्यावर ठेवला.
काटा हलला नाही.
भंगारवाल्यानं पुन्हा टिचकी मारून पाहिलं,
मग पावतीवर लिहिलं:
ॲल्युमिनियम, अमुक इतकं.
लाकूड, निरंक.

कावळे मात्र दोन दिवस
त्या मोकळ्या हवेत
शेपटी जिथे होती तिथेच उतरायला बघत होते.