इंचभर रकाना

माझ्या नोंदवहीत शेवटचा रकाना आहे:
न येण्याचं कारण.
एकदा पट्टी लावून बघितलं. एक इंच.
सहा वर्षं त्यात लिहीत आले, 'इच्छुक नाही'.
पुढं पुढं नुसतंच 'इ. ना.'

तायव्वा जतकडची. सांगलीत हळदीच्या वखारीत पोती शिवते.
दवाखाना नऊ ते एक,
वखार आठ ते सात.
अर्धा दिवस मागितला की मुकादम म्हणतो,
मग उद्या पण येऊ नको.
इ. ना.

बिल्किस नदाफला तांबी हवी होती.
एकदा गेली तर सिस्टर लसीकरणाला बाहेर.
दुसऱ्यांदा म्हणाले, नवऱ्याला घेऊन ये.
नवरा हुबळीच्या ट्रकवर.
तिसऱ्यांदा गेली, तोवर
दिवस गेले होते.

आणि सगुणा.
पुराच्या रात्री पोरं काढली, रेशनकार्ड काढलं,
गोळ्यांचं पाकीट मिसळणाच्या डब्याखाली राहिलं.
अकरा दिवस शाळेच्या वर्गात.
बिस्किटं आली, चादरी आल्या, फोटो काढायला माणसं आली.
हे कुणाला मागायचं?
त्या पुरातली पोरगी आता अंगणवाडीत
माझ्याच ओट्यावर पाटी घासते.

तीन अर्ज केले. चौथ्याला होकार आला:
गुरुवारी संध्याकाळी सात ते नऊ, समाजमंदिरात.
पडद्याला माझी जुनी साडी,
बल्ब शेजारच्या पिठाच्या गिरणीतून.
पहिल्या गुरुवारी कुणीच नाही.
सिस्टर घड्याळाकडं बघत शेंगा खात बसल्या.
दुसऱ्याला एक बाप्या दारात उभा राहिला,
"बाईमाणसाचंच असतंय का, गड्याचंबी करतात?"
मी उठेपर्यंत गेला.

तिसऱ्या गुरुवारी तायव्वा.
उंबऱ्यावर पदर झटकला, तरी
स्टूल पिवळं झालंच.
सुई घेताना हूं की चूं नाही.
मग दंड चोळत म्हणाली,
"मला कधी कुणी इचारलंच न्हाई वो, पायजे का म्हणून."
मी वही मिटली. मागची पानं
तिला वाचता येत नाहीत, तरीपण.

अंगठा दिला. शाईच्या कडेनं हळद.
"तीन महिन्यांनी हितंच यायचं न्हवं?
तुम्ही असचाल न्हवं?"

हो म्हणाले.
मंजुरी मार्चअखेरपर्यंत आहे.
तिची तारीख, दहा एप्रिल.