एकेचाळीस वेळा

फ्रिजच्या दाराला आम्ही लावली
नाण्याएवढी एक चकती.
दार उघडलं की तिनं लक्षात ठेवायचं, बस्स.
बोलायचं काही नाही.
येल्मर म्हणत होता, दहाव्या वेळी शीळ घालू दे.
मी म्हटलं, शिळेनं कुत्रं येतं, माणूस जातो.

रंगावरून दोन दिवस वाद.
लाल नको, लाल म्हणजे शाळेतली वही.
हिरवा नको, हिरवा शाबासकी देत सुटतो.
शेवटी राखाडी,
लेमरमधल्या नोव्हेंबरसारखा.

तीन आठवड्यांनी मी वीब्रनच्या स्वयंपाकघरात.
वय अठ्ठ्याहत्तर, एकटा, वीजबिल तिघांचं.
टेबलावर कागद पसरला :
दिवसाला एकेचाळीस ठिपके.
"भूक लागते?"
"छे."
"मग?"
"बघतो."
"काय?"
तो चष्मा पुसत राहिला.

मग त्यानंच बोट ठेवून वाचायला घेतलं,
हजेरीपट वाचावा तसं :
पहाटे चार, बरोबर. सहा, बरोबर.
रात्री दोनला दोनदा, वारा होता त्या दिवशी.
चौतीस वर्षं कालव्याच्या दारांवर नोकरी.
तासातासाला उठायचं, पाणी कुठवर आलंय बघायचं,
बघून परत यायचं.
आता ती दारं कुणी दूरच्या शहरात बसून
बटणावर उघडतं,
आणि हा उठतो, हाताशी जे दार आहे ते उघडतो,
दुधाची पातळी बघतो,
लावतो.

जित्याची खोड, म्हणतात.
मी धरून चाललेले, खोड म्हणजे घालवायची गोष्ट.
झाड ज्याच्यावर उभं असतं
त्यालाही खोडच म्हणतात, हे
कधी डोक्यात आलं नव्हतं.

"आणि हे काय?" त्यानं विचारलं.
गुरुवार, चार ते सहा, कागद कोरा.
मी तिकडे पाहिलंच नव्हतं.
"गुरुवारी..." तो थांबला.
"हां. शेजारची त्यित्स्के आली होती,
होडी बांधायची गाठ शिकायला.
डावखुरी आहे. उलटं शिकवावं लागतं."

परतताना बसमध्ये सगळं पुसून पुन्हा काढलं.
ठिपके फिके,
मधल्या जागा ठळक.

जूनमध्ये आकडा अडतीस.
शनिवारीही आता एक कोरा तुकडा,
लहानसा, दोरीच्या तुकड्याएवढा.
अहवालात रकाना होता : सुधारणा झाली का?
मी पेन उघडलं, बघितलं,
लावलं.

रात्री दोनला तो अजून उठतो.
दूध जागेवर आहे.